पेल्याला घाम कोठून आला?

गेल्या पावसाळ्यांत बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून भिजलेला पाहून आमच्या नातवानें निकाल दिला, “आजोबा, माठासारखा पेलाहि पाझरतो!”

आम्हांस एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. त्यानें हेंच उत्तर दिलें असतां आम्हीं त्यास हंसून खालीं बसविलें होतें. माठ पाझरतो हें त्याचें निरीक्षण खरें होतें. अनुमान तेवढें तपासावयाचें होतें. तें आम्हीं केलें नाहीं.

या खेपेस स्टीलचे दोन सारखे पेले घेतले. दोहोंमध्यें तांबड्या शाईचें पाणी भरून एकामध्यें बर्फाचे चार खडे टाकले. दोन्ही बाहेरून पुसून ठेवले. थोड्याच वेळांत बर्फाचा पेला ओला झाला. दुसरा कोरडाच राहिला. पांढऱ्या फडक्यानें घाम टिपला, तों डाग नाहीं! म्हणजे पाणी आंतलें नव्हे. हवेंतील अदृश्य वाफ थंड धातूस लागून तिचें पाणी झालें.

पहाटेच्या दंवाचेंहि असेंच. ‘दंव पडतें’ असें आपण म्हणतों. परंतु रात्रीं उष्णता गमावून थंड झालेल्या गवतावर तें जमतें. लंडन येथील डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनीं आपल्या प्रयोगांवरून हें १८१४ सालीं मांडलें.

वाचकांनीं हा प्रयोग मुलांच्या हातून करवावा आणि उत्तर आधीं सांगूं नये. चुकलेल्या उत्तरासहि परीक्षेचा मान द्यावा, हें आम्हांस शाळा सुटल्यावर कळलें. त्या विद्यार्थ्याचें देणें मात्र राहूनच गेलें.