विषाची परीक्षा
सांधे धरले की माणूस काय वाट्टेल ते करून पाहतो. त्यातलाच एक उपाय मधमाशीचा डंख. ऑस्ट्रियातले डॉक्टर फिलिप टर्च यांनी १८८८ साली संधिवातावरचे आपले अनुभव छापले, तेव्हापासून ही चर्चा चालूच आहे. मधमाशीच्या विषाच्या सुक्या वजनात निम्म्याच्या आसपास मेलिटिन नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत ते दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करताना दिसतं. मात्रा वाढली की तेच पेशी फोडतं. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या, त्याही लहान. स्पेनमध्ये दोन वर्षं बिनतक्रार डंख घेणारी एक बाई एका डंखानंतर दगावली. म्हणून या अंकात आम्ही जाहिरातही केलेली नाही आणि टिंगलही. चालू गोळ्या कुणी बंद करू नयेत, एवढं मात्र ठासून सांगतो. सातेरी मधमाश्या पाळणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. डंखाने अंगावर गांधी उठल्या असतील, तर त्याही.