न वाचता ‘नो’

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

सबमिशनच्या आदल्या रात्री दापोडी स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून बघा. फाइल उघडली, प्रिंट काढली, एका अक्षराला हात लावला नाही, तरी बंद करताना वर्ड विचारतंच, बदल सेव्ह करायचे का? दुकानदार न वाचता ‘नो’ दाबतो. आपणही तेच शिकलो. ह्याच सवयीने माझ्या रूममेटने दोन तास टाइप केलेला रिपोर्ट घालवला.

मित्रांनो, वर्ड सहसा उगाच विचारत नाही. बदल झालेला असतो, फक्त आपण केलेला नसतो. जर्नलमध्ये आपण ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ टिक करून तारीख टाकतो ना? ती फाइल उघडताना किंवा प्रिंट काढताना आजची होते. जुलैच्या प्रयोगावर ऑक्टोबरची तारीख! (सरांनी पकडलंच.) ती टिक काढा, नाहीतर तारीख सरळ हाताने टाइप करा. एक्सेलमध्ये टुडे आणि नाऊ ही फंक्शन्स हाच घोळ घालतात.

चौकटीत आपल्या फाइलऐवजी नॉर्मल.डॉटएम हे नाव आलं तर मात्र जपून. ती वर्डची मूळ टेम्प्लेट. बहुतेकदा एखादं अ‍ॅड-इन तिच्यात ढवळाढवळ करतं. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरसही तिच्यातच शिरायचा, तेव्हा ती नॉर्मल.डॉट होती. ऑप्शन्समधून हा प्रश्नच बंद करा, असं लॅबमध्ये सगळे सांगतात. मला पटत नाही. प्रश्न थांबतो, पण बदल गुपचूप सेव्ह होत राहतात. त्यापेक्षा रनमध्ये ‘विनवर्ड /सेफ’ टाइप करून वर्ड उघडा. तिथे प्रश्न आला नाही, तर अ‍ॅड-इन्स एकेक बंद करत चोर शोधा.