ग्रंथपाल नावाचा वाटाड्या

‘हल्ली सारे काही मोबाइलवर मिळते, मग मुलांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कशासाठी जायचे?’ हा प्रश्न आजकाल मुलांपेक्षा पालकांच्या तोंडी अधिक ऐकू येतो, आणि तो बडोद्यातील मराठी घरांतूनही ऐकू यावा याचे आम्हांस नवल वाटते. कारण ग्रंथालयावाचून शिक्षण अपुरे राहते, हा धडा या नगरीनेच साऱ्या देशास घालून दिला आहे.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळेत रुजलेल्या अक्षरांना पुढे वाचनाचे खतपाणी मिळाले नाही, तर ती वाळून जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसविली. फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत जाऊ लागली. तथापि त्यांच्या कार्यातील सर्वांत दूरदृष्टीचा भाग आमच्या मते निराळाच आहे. १९११ मध्ये त्यांनी ग्रंथपालांना शिक्षण देणारा वर्ग सुरू केला. पुस्तके पैसे टाकून विकत आणता येतात. वाचकाला योग्य पुस्तकापर्यंत नेणारा माणूस मात्र घडवावा लागतो. १९१२ पासून येथून निघू लागलेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजराती यांच्या जोडीने मराठीलाही स्थान होते, हे आपण विसरू नये.

पुढे हाच विचार मद्रासेत एका गणिताच्या प्राध्यापकाने शास्त्राच्या पदवीस नेला. शि. रा. रंगनाथन हे १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, असा त्यांतील एका सूत्राचा आशय आहे. पुस्तके कुलपात सांभाळणे एवढेच ग्रंथपालाचे काम नव्हे, हे त्यांनी ठणकावून सांगितले.

आज परिस्थिती पालटली आहे, हे खरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच. डी. चे प्रबंध संगणकीय स्वरूपात सादर करणे आवश्यक ठरविले. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध खुले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना अमलात आली असून तिच्यामुळे सुमारे सहा हजार तीनशे सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना जवळपास तेरा हजार नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यालाही आता ती वाचता येतात. पण दार उघडले म्हणजे वाट सापडली असे नव्हे. तेरा हजारांतून आपल्या विषयाची दहा कोणती, त्यांतील भरवशाची कोणती, हे त्या विद्यार्थ्यास कोण सांगणार?

एक साधे उदाहरण घेऊ. वि. वा. शिरवाडकर यांची नाटके त्यांच्या खऱ्या नावाने प्रसिद्ध झाली, तर कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने. ज्याला हे ठाऊक नाही, तो यंत्रात एकच नाव घालतो आणि अर्धे शिरवाडकर हाती घेऊन परततो. ‘गायकवाड’ हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. बडोद्याच्या इतिहासाचा अभ्यासक त्यांपैकी एकाच तऱ्हेने शोध घेऊ लागला, तर कित्येक कागद त्याच्या दृष्टीसच पडणार नाहीत. ही सारी नावे एका नोंदीखाली गुंफून ठेवणारा ग्रंथपालच असतो. जुन्या मराठी ग्रंथांचेही तसेच. पानांची छायाचित्रे घेतली म्हणजे ग्रंथ संगणकावर आला असे आपण समजतो. परंतु त्यातील अक्षरे यंत्रास वाचता आली नाहीत आणि कर्ता, विषय, वर्ष यांची नीट नोंद झाली नाही, तर तो ग्रंथ असून नसल्यासारखाच. महाराष्ट्राबाहेर छापलेल्या मराठी पुस्तकांना हा धोका अधिक, कारण येथे मराठी जाणणारा नोंदकार मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो, हे तपासले जाते. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. अनेक विद्यापीठांत ही तपासणी ग्रंथालयातून होते. परंतु पकडण्यापूर्वी शिकविणे हे अधिक मोलाचे काम: दुसऱ्याचा विचार कोठे संपतो, आपला कोठे सुरू होतो आणि ऋण कसे मान्य करावे, हे विद्यार्थ्यास पहिल्या वर्षीच कळावयास हवे. आता प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रे आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. ते नाव खरे की खोटे, हे पडताळण्याची सवय लावणारा गुरू ग्रंथालयातच भेटतो.

म्हणून पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुलास महाविद्यालयात घालताना इमारत, निकाल आणि वसतिगृह आपण पाहतो. त्यासोबत तेथे शिक्षित ग्रंथपाल आहे का, तो विद्यार्थ्यांना शोध घेण्यास शिकवितो का, हेही विचारावे. खाजगी महाविद्यालयांच्या बाबतीत तर हा प्रश्न अवश्य करावा, कारण वर सांगितलेली योजना सरकारी संस्थांपुरतीच आहे. ती जागा रिकामी असेल, तर संस्थाचालकांकडे ती भरण्याचा आग्रह धरावा. ‘येथे ग्रंथपाल कोण?’ असे पालक विचारू लागले, तर ही जागा रिकामी ठेवणे कोणत्याही संस्थेस सोपे राहणार नाही.