एल. जे. रोडवरची अवाबाई

परवा अंधेरीहून दादरला जाताना टॅक्सी माहीमच्या कॉजवेवर अडकली. पुढचा सिग्नल सुटेना, मागचे हॉर्न थांबेनात. सोबत आलेल्या भाचीला म्हटलं, "हा रस्ता एका बाईने स्वतःच्या पैशांनी बांधून दिलाय, माहितेय?" तिने विचारलं, "कोणत्या?" मी म्हटलं, "लेडी जमशेटजी." ती म्हणाली, "हे तर तिच्या नवऱ्याचं नाव झालं!"

खरंच की.

तिचं नाव अवाबाई. सर जमशेटजी जीजीभॉय यांची पत्नी. तेव्हा माहीम आणि साष्टीच्या मध्ये खाडी होती आणि बांद्र्याला जायचं तर होडीशिवाय मार्ग नव्हता. पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. रस्ता हवा हे सरकारलाही पटत होतं, पण कंपनी सरकार खिशात हात घालायला तयार नव्हतं. अवाबाईंनी आधी एक लाख रुपये दिले. खर्च वाढला तेव्हा आणखी सुमारे 57 हजार दिले. अट एकच, या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये रस्ता खुला झाला. मुंबईत रेल्वे यायला अजून आठ वर्षं होती!

टोलची ती अट वाचल्यावर मी हसलेच. आमच्या मुलुंडच्या टोलनाक्यावर आम्ही किती वर्षं सुट्टे पैसे मोजले! छोट्या गाड्यांना मुंबईच्या वेशीवरचा टोल माफ झाला तो ऑक्टोबर 2024 मध्ये. अवाबाईंना हे पावणेदोनशे वर्षं आधी सुचलं होतं.

त्यांच्या नावाचा रस्ता माहीममध्ये आहे, नाही असं नाही. पण तो लेडी जमशेटजी रोड. त्याचंही आपण 'एल. जे. रोड' करून टाकलं. 'अवाबाई' शोधायला पुस्तक उघडावं लागतं. इकडे उपनगरात बस स्टॉपच्या बाकावरसुद्धा 'यांच्या प्रयत्नाने' म्हणून कुणाचं तरी नाव ठळक अक्षरांत असतं. आणि तो बाक असतो आपल्याच कराच्या पैशांतला.

कुणी म्हणेल, दान करावं ते या हाताचं त्या हाताला कळू नये असं. मान्य. मग पाटीच लावू नका. पण पाटी लावायची आणि तिच्यावर नाव दुसऱ्याचं, याला निरपेक्षता कसं म्हणायचं?

हे मी उगाच बोलत नाहीये. गावच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीला आमच्या आजीने तीन गुंठे जागा दिली. जागा तिच्या माहेरची, तिच्याच नावावरची. पाटीवर मात्र नाव आजोबांचं, जे तेव्हा हयातही नव्हते. आजीला विचारलं की ती म्हणायची, "इमारत झाली ना? मग झालं." आम्हीही 'आजी किती मोठ्या मनाची' म्हणून मोकळे झालो. तिच्या मोठ्या मनामुळे आपली सोय झाली, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही नाही.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचं ठरवलं. कागद बदलायला लागलेत, मग एक पाटी बदलायला काय हरकत आहे?

मामा, तू हे वाचशीलच. पुढच्या ग्रामसभेला जाशील तेव्हा विषय काढ. रंगाचे पैसे मी देते. आजोबांचं नाव पुसू नकोस, फक्त त्याच्या वर आजीचं लिही. तिचं स्वतःचं, 'यांच्या पत्नी' न लावता.