सोलापूर–हैदराबाद रस्ता आणि काश्तकाराचे दप्तर

उमरग्यावरून जाणारा सोलापूर–हैदराबाद रस्ता आपण नित्य पाहतो. परंतु त्याच्या पूर्ववृत्ताचा विचार क्वचितच करतो. तो करणे काश्तकाराच्या हिताचे आहे.

इंग्रजी अमदानीत सोलापूर मुंबई इलाख्यात, तर नळदुर्ग व उमरगा निजामी मुलखात होते. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी नळदुर्ग प्रांत इंग्रजांनी घेतला. मेडोज टेलर यांनी तेथील कारभार पाहिला. १८६० मध्ये तो प्रांत निजामास परत मिळाला. रयतेस दोन्ही वेळी कोणी विचारले नाही. पुढे सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हालींस सुमारे सहा कलदार मिळत. सोलापुरास माल नेणाऱ्यास जकात व बट्टा दोन्हींचा हिशेब करावा लागे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज याच रस्त्याने आली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती येऊन नळदुर्ग पडले, आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी फौज उमरग्यास पोहोचली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उमरगा मुंबई राज्यात व हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. पश्चिमेची सरहद्द अशी पूर्वेस आली.

हाच रस्ता सांप्रत राष्ट्रीय महामार्ग ६५ होय. रस्ता रुंद झाल्याने माल लवकर पोहोचतो, हे खरे. त्यास विरोध करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु रुंदीकरणास जमीन आपलीच लागते, आणि येथे पूर्वीहून एक मोठा फरक आहे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वये अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हितसंबंधी इसमास हरकत घेता येते. भरपाई अमान्य असल्यास लवादाकडे दाद मागता येते. पूर्वीच्या रयतेस न मिळालेला हा अधिकार आपण बहुधा निष्काळजीपणाने गमावतो.

महसुली दप्तरात उभी हयात घालविल्यावर माझे मत असे की, नुकसान कायद्यापेक्षा अपुऱ्या नोंदींनी अधिक होते. सातबारा मयत बापाच्या नावे, वारसाचा फेरफार नाही, पोटहिस्स्याची मोजणी नाही, विहीर व फळझाडे कागदावर नाहीत. मग भरपाई भाऊबंदकीत अडकते. २१ दिवसांत हे काम उरकत नाही.

यास्तव रस्त्यालगतच्या प्रत्येक खातेदाराने अधिसूचनेची वाट न पाहता आपला उतारा आजच तपासावा. आपल्या मंडळानेही राजपत्र व वर्तमानपत्रांतील सूचनांवर नजर ठेवून गावोगाव वर्दी द्यावी, अशी माझी विनंती आहे.