नंबर फोटोला की आजींना?

मराठीत पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या फोटो-स्पर्धेत मला पहिला नंबर मिळाला. फोटो वारीतल्या एका आजींचा होता. माउलींची पालखी दिवे घाट चढत होती आणि जितके वारकरी, जवळपास तितकेच कॅमेरे! मीही झूम लावला, धडाधड अकरा फोटो काढले आणि निघाले. सुरकुत्या, कपाळावरचा बुक्का, डोळ्यांतलं पाणी, सगळं आयतं मिळालं होतं.

बक्षीस देताना सरांनी सहज विचारलं, "आजी रडत का होत्या गं?" मला सांगता येईना. दमल्या होत्या? की डोळ्यांत धूळ गेली होती? मी बघितलंच नव्हतं. फोटोतही उत्तर नाही; मागचा घाट, पालखी, माणसं सगळं ब्लर! तेव्हापासून वाटतं, तो नंबर माझा नाहीच, आजींच्या चेहऱ्याचा आहे.

मग विषयाला काहीच किंमत नाही का? आहे ना! १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेतला रघु राय यांचा फोटो आठवा. अख्ख्या शहरावर संकट कोसळलं होतं. त्यांनी मात्र फ्रेममध्ये ठेवला फक्त मातीत पुरल्या जाणाऱ्या एका मुलाचा चेहरा आणि त्यावरून फिरणारा एक हात. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे विषय ठरवत नाही. ते फोटो काढणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

उलट एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० मध्ये चक्क एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि लांबलचक एक्स्पोजर दिलं. 'पेपर नं. ३०' (परीक्षेचा नव्हे!) हा फोटो जगप्रसिद्ध आहे. मिरची मंडईतलीच, बघणं त्याचं.

त्याच स्पर्धेत माझ्या रूममेटने मेसमधल्या पालथ्या घातलेल्या स्टीलच्या पेल्यांचा फोटो दिला होता. त्या टेबलावर संध्याकाळी जेमतेम दहा मिनिटं ऊन येतं. त्यासाठी ती तीन दिवस चहा सोडून तिथे उभी होती. तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. पण आता मेसमध्ये शिरले की माझी नजर आधी त्या पेल्यांकडे जाते. माझ्या फोटोमुळे कुणाला असं काही दिसलंय का? मला नाही वाटत.

परीक्षकांना एवढीच विनंती, यंदा 'फोटो कशाचा आहे' यापेक्षा 'बघितलंय कसं' याला मार्क द्या. मी वारीला पुन्हा जाणार आहे. या वेळी आधी आजींशेजारी बसेन. कॅमेरा नंतर.