नोंदीखाली आठवणीला जागा हवी



विकी पद्धतीच्या, म्हणजे कोणाही वाचकाला पान उघडून त्यातील मजकूर तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो अशा संकेतस्थळावर, प्रत्येक नोंदीखाली वाचकांच्या अभिप्रायांसाठी वेगळी जागा असावी काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी इंदूरसारख्या शहरातील मराठी समाजापुरता तो स्वतःचा इतिहास जपण्याचा प्रश्न आहे. अशी जागा अवश्य असावी. मात्र ती नोंदीच्या मजकुरापासून स्पष्टपणे वेगळी असावी आणि तिची देखरेख करणारी माणसे नेमल्याशिवाय ती उघडू नये, असे या पत्राचे प्रतिपादन आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, जेथे चूक दिसताच ती दुरुस्त करण्याची मुभा आहे, तेथे खाली अभिप्राय लिहायचा कशाला? हा आक्षेप घेताना ज्ञानकोशाचा एक मूलभूत नियम नजरेआड होतो. विकिपीडियाच्या धोरणानुसार नोंदीतील विधान आधी प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह स्रोतावरून पडताळता आले पाहिजे, आणि लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले किंवा ताडलेले, ज्याला तेथे ‘मूळ संशोधन’ म्हणतात, ते ग्राह्य धरले जात नाही. हा नियम योग्य आहे आणि तो सैल करण्याचे काही कारण नाही. परंतु त्यामुळे जे छापले गेले नाही ते नोंदीच्या उंबरठ्याबाहेरच राहते, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी समाजाचे पुष्कळसे संचित नेमके न छापलेलेच असते.

१९८४ च्या दंगलीत इंदूरचा राजवाडा जळाला, हे नोंदीत एका वाक्यात येते. ती आग ज्यांनी आपल्या गच्चीवरून पाहिली, लाकडी मजले कोसळताना ज्यांनी ऐकले, दुसऱ्या दिवशी त्या चौकातून जे गेले, त्यांपैकी त्या वेळी विशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. तीच गोष्ट साहित्य संमेलनांची. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ या वर्षी भरले, हे कोणत्याही यादीत सापडते, आणि अध्यक्ष अनुक्रमे ग. ज. आगाशे, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि विजया राजाध्यक्ष होते, हेही तेथेच मिळते. पण बाहेरगावचे पाहुणे कोणाकोणाच्या घरी उतरले, पंगती कोठे बसल्या, वाढायला कोण होते, हे घराघरांतच सांगितले जाते आणि सांगणाऱ्याबरोबर संपते.

विकिपीडियावर प्रत्येक लेखाला ‘चर्चा’ पान जोडलेले असते, आणि सर्वसाधारण प्रश्नांसाठी मराठी विकिपीडियाने ‘चावडी’ असे फार समर्पक नाव योजले आहे. तरीही या सोयी वाचकाच्या अभिप्रायाची जागा घेऊ शकत नाहीत. चर्चापान लेखाच्या सुधारणेसाठी आहे, आठवणींसाठी नाही. शिवाय तेथे रूढ पद्धतीने लिहायचे तर संपादनाची खिडकी उघडावी लागते, उत्तर आत सरकवण्यासाठी ओळीच्या आरंभी अपूर्णविरामाची चिन्हे द्यावी लागतात आणि सहीसाठी चार नागमोडी चिन्हे टंकावी लागतात. अलीकडे थेट उत्तर देण्याची कळ आली असली तरी ते पान मूळ लेखाआड, वेगळ्या कप्प्यात राहते, आणि सत्तरीतला वाचक तेथवर पोहोचतच नाही.

मजकूर आणि अभिप्राय एकत्र मिसळले तर काय होते, याचा अनुभव मराठीला जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये नकलाकारांच्या आणि वाचकांच्या हातून पाठभेद व पदरच्या ओव्या शिरल्या, म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली, आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही द्यावी लागली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीवरही लेख आणि सह्यांनिशी केलेली चर्चा एकाच पानावर नांदत असे, आणि पुढे कोणीतरी त्या चर्चेतून सलग मजकूर तयार करील, अशी अपेक्षा असे. विकिपीडियाने चर्चेला वेगळे पान दिले ते म्हणूनच सुज्ञपणाचे ठरले.

उलट बाजूचा धडाही विसरता कामा नये. इंग्रजी विकिपीडियावर २०११ च्या अखेरीपासून काही लेखांखाली वाचकाला अभिप्राय लिहिण्याची चौकट प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली होती. आलेल्या मजकुरात निरुपयोगी भाग फार निघाला, तो चाळण्याचा भार स्वयंसेवकांवर पडला, आणि २०१४ पर्यंत ती चौकट काढून टाकावी लागली. हे अपयश चौकटीचे नव्हते. निवड करणारे हात आणि येणारे अभिप्राय यांचे प्रमाण तेथे जुळत नव्हते. लाखो लेखांच्या कोशाला जे झेपत नाही ते शे-दोनशे नोंदींच्या स्थानिक कोशाला झेपू शकते.

म्हणून इंदुरातील मराठी साहित्यसंस्था आणि वाचनालये यांनी, विकिपीडिया ज्या मीडियाविकी या मुक्त संगणकप्रणालीवर चालतो तीच वापरून, शहराचा लहानसा कोश उभारावा. या प्रणालीला अभिप्रायांची चौकट जोडणारे पूरक आज्ञासंच विनामूल्य मिळतात. चौकटीत लिहिणाऱ्याचे नाव, तारीख आणि ‘स्वतः पाहिले’ की ‘ऐकले’ हा खुलासा सक्तीचा असावा. दोघा-तिघांच्या मंडळाने दर आठवड्याला अभिप्राय वाचून, ज्याला छापील आधार सापडेल ते नोंदीत घ्यावे आणि बाकीचे आठवण म्हणून खालीच ठेवावे. मजकूर कोणत्या परवान्याखाली प्रसिद्ध होईल, हे लिहिण्यापूर्वीच सांगावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मध्यस्थ संकेतस्थळांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आहे, त्याची तरतूदही पहिल्याच दिवशी करावी.

आरंभ राजवाड्याच्या नोंदीपासून करता येईल. टंकता न येणाऱ्यांसाठी वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ कोणीतरी बसून, ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यात हिंदीची मिसळण असली तरी ती न काढता, उतरवून घ्यावे.

एक वाचक,
इंदूर